केटल या शब्दाच्या पोटात दडलंय तरी काय काय?

शब्दवेल्हाळ
मंडळी, सध्या एकच शब्द सारखा आडवा येतोय. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, विषय काय वाट्टेल ते असतात, आणि केटल हा शब्द दर वेळी नवीन सोंग घेऊन समोर उभा. पोलिसांनी मोर्चा केटल केला. हिमनदी मागे हटली आणि तिच्या वाटेवर केटल राहिल्या. आकाशात शिकारी पक्ष्यांची केटल दिसली. बॉयलर केटलिंग करतोय. शब्दकोश उघडला की किटली, पाणी उकळायचं भांडं, संपलं. आता मोर्च्याची किटली केली असं लिहू का मी?

माझं मत असं की या सगळ्याच्या मुळाशी आकार आहे, पोट सुटलेलं गोल भांडं, बाकी सगळं त्यावरून. पण मोर्च्याला हे लागू होत नाही आणि तिथेच अडलंय. तुमच्या तुमच्या क्षेत्रात हा शब्द कुठे भेटतो ते सांगा, आणि या अर्थांना बांधणारं काही सूत्र आहे का तेही.

कातळफूल
वा, आमच्या विषयाला हात घातलात! भूशास्त्रात केटल म्हणजे जमिनीतला खोलगट खड्डा, पण कुठलाही खड्डा नव्हे. हिमनदी वितळत मागे सरकते तेव्हा तिच्या टोकाचे बर्फाचे मोठाले तुकडे सुटून मागेच राहतात. वितळपाण्याबरोबर वाहून आलेली वाळू-गोटे त्यांच्याभोवती आणि डोक्यावर साठत जातात, तुकडा अर्धा किंवा पूर्ण गाडला जातो. वर गाळाची गोधडी असल्यामुळे तो सावकाश वितळतो, कधी कधी शेकडो वर्षं लागतात, आणि वितळला की वरची वाळू खाली बसते. उरतो तो केटल होल. त्यात पाणी साचलं की केटल लेक.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये केटल मोरेन नावाचा अख्खा पट्टाच आहे. शेवटच्या हिमयुगात ग्रीन बे आणि लेक मिशिगन अशा दोन बाजूंच्या बर्फाच्या जिभा जिथे एकमेकींना भिडल्या तिथे हा गाळाचा ढीग साठला आणि त्यात असे असंख्य खड्डे आहेत. मॅसॅच्युसेट्समधलं वॉल्डन तळं, तेही केटलच, जवळजवळ ३१ मीटर खोल.

आणि हे सगळं हजारो वर्षांपूर्वीचंच असतं असं नाही हं. १९९६ साली आइसलंडमध्ये हिमनदीखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, नोव्हेंबरात तिथून प्रचंड पूर आला आणि त्याने घराएवढे बर्फाचे तुकडे वाळूच्या मैदानावर आणून टाकले. ते वितळले तसतसे तिथे नवे केटल तयार होताना संशोधकांनी बघितले. आम्ही विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून देतो, कारण प्रक्रिया डोळ्यांदेखत घडलेली आहे.

त्यामुळे तुमच्या आकाराच्या मताला माझा पाठिंबा.

मी_पुन्हा_येते
जिममधली केटलबेल राहिली की! तोपण आकारच, तोफगोळ्याला कडी लावलेली.

घारडोळा
आकार आकार काय चाललंय, पक्ष्यांचं काय मग? मी इथे ठाम असहमत.

शिकारी पक्ष्यांच्या थव्याला केटल म्हणतात ते त्यांच्या वागण्यावरून. ऊन वाढलं की जमीन तापते, गरम हवेचा स्तंभ वर उठतो, त्याला थर्मल म्हणतात. स्थलांतर करणारे पक्षी त्यात शिरून पंख न हलवता गोल गोल घिरट्या घालत वर चढतात. एक पक्षी चढताना दिसला की आजूबाजूचे त्याच थर्मलकडे वळतात आणि बघता बघता शेकडो पक्षी एकाच स्तंभात, कोणी खाली कोणी वर, सगळं एकमेकांतून घुसळत चाललेलं. माथ्यावर पोचले की रांगेने पुढे तरंगत निघतात पुढचा थर्मल मिळेपर्यंत. दुर्बिणीतून बघितलंत तर भांड्यात पाणी खळाळतंय असंच वाटतं, उकळणं हाच त्यातला अर्थ.

ही युक्ती त्यांना हजारो किलोमीटरच्या प्रवासात ताकद वाचवायला लागते. समुद्रावर असे थर्मल नीट मिळत नाहीत म्हणून हे पक्षी मोठं पाणी टाळतात आणि जमिनीच्या अरुंद पट्ट्यांवर गर्दी करतात. जिब्राल्टर, बॉस्फरस, पनामा ही नावं त्यामुळेच पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी असतात. मेक्सिकोत व्हेराक्रूझला तर दर शरद ऋतूत लाखो शिकारी पक्षी जातात, ब्रॉड-विंग्ड हॉक, स्वेन्सन्स हॉक, टर्की व्हल्चर. एकेका केटलमध्ये हजारो असतात. मोजणारे लोक कसे मोजतात माहितीये? केटलमध्ये मोजतच नाहीत, ते माथ्यावरून रांगेने बाहेर पडायला लागले की तेव्हा मोजतात.

कातळफूल
@घारडोळा, शेवटचं वाक्य फार आवडलं. पण गोल घिरट्या हाही आकारच ना?

घारडोळा
नाही. स्थिर थवा असता तर कोणी केटल म्हटलं नसतं. हालचाल काढून घ्या, शब्द उरतच नाही.

बॉयलरबाबा
घारडोळा यांच्या बाजूने एक मत माझं. गरम पाण्याच्या बॉयलरमधून गुडगुड, ठकठक असा आवाज यायला लागला की त्याला केटलिंग म्हणतात, तिथे आकाराचा काही संबंध नाही, निव्वळ आवाज. होतं असं की जड पाणी असेल तर तापल्यावर त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर धातूवर बसतो. हा थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही, त्याच्याखाली अडकलेलं थोडंसं पाणी नको तितकं तापून तिथल्या तिथे वाफ होतं, ती वाफ शेजारच्या थंड पाण्यात गेली की बुडबुडा मिटतो आणि आवाज होतो. पाण्याचा प्रवाह कमी पडला तरी असंच. आवाज ऐकून लोक घाबरतात, पण दुर्लक्षही करू नका, थर वाढत गेला की इंधन जास्त लागतं आणि आतला धातू एकाच जागी तापून शेवटी तडा जातो.

केमिकल प्लांटमध्ये अजून एक केटल असते, केटल रीबॉयलर. डिस्टिलेशन कॉलमच्या, म्हणजे द्रवांचं मिश्रण उकळून वेगळं करणाऱ्या उंच टाकीच्या, बुडाशी असतो. आडवं भलंमोठं नळकांडं, खालच्या भागात गरम नळ्यांचा जुडगा, तो द्रवात पूर्ण बुडलेला राहावा म्हणून पलीकडे एक बांध, आणि वर मुद्दाम रिकामी जागा सोडलेली, वाफ आणि थेंब वेगळे व्हायला. यात मात्र पोट सुटलेलंच असतं, हे शब्दवेल्हाळ ताईंसाठी.

नवखी_रसिका
विषयाला सोडून विचारते, क्षमस्व, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून. माझी इलेक्ट्रिक केटल पाणी उकळलं तरी बंदच होत नाही, उकळतच राहते. खराब झाली का?

बॉयलरबाबा
आधी झाकण बघा. टक्क असा आवाज होऊन बसतंय का? बऱ्याचशा केटल पाण्याचं तापमान मोजतच नाहीत, त्या वाफेची वाट बघतात. आत वरच्या बाजूला एक भोक असतं, तिथून वाफ एका नळीतून स्विचपाशी जाते, तिथे दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली बारीक चकती असते. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात त्यामुळे चकती एकदम उलटी वाकते आणि स्विच पाडते. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरूनच निघून जाते, चकती थंडच राहते आणि केटल चालूच राहते. भोकावर क्षार बसले असतील तरी तेच. सायट्रिक ॲसिड टाकून पाणी उकळा, थोडा वेळ तसंच ठेवा, फेस येईल, मग दोनदा धुवा. तरी नाहीच झालं तर मात्र स्विच गेला, वापरू नका.

खडूफळा
याचा एक छान परिणाम म्हणजे उंच डोंगरावरही केटल बरोबर बंद होते. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने खाली येतो. केटल १०० अंशांची वाट बघत बसली असती तर ३००० मीटरवर कधीच बंद झाली नसती. वाफ बघते म्हणून चालतं.

आकडे हवे असतील तर १ लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात, २००० वॉटच्या केटलला तीन मिनिटांच्या आत. पण तेच पाणी पूर्ण आटवायला आणखी २२५७ किलोज्यूल, म्हणजे पावणेसात पट. म्हणून उकळतच राहिलेली केटल लगेच कोरडी होत नाही, पण वीज मात्र भरपूर खाते.

आणि बॉयलरबाबांनी सांगितलेला बुडबुड्यांचा आवाज तोच किटलीतही असतो. बारकाईने ऐका, पाणी उकळायच्या आधी आवाज जास्त असतो आणि खरं उकळलं की कमी होतो. आधी तळाचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात जाऊन मिटतात, त्याचा तो आवाज, नंतर सगळंच पाणी तापलं की ते न मिटता वरपर्यंत येतात.

नवखी_रसिका
झाकणच होतं!! खूप आभार बाबा.

तालमात्रा
शिट्टीच्या किटलीबद्दल कोणीच बोललं नाही? २०१३ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी ती नेमकी कशी वाजते यावर काम केलं होतं. शिट्टीत भोक पाडलेल्या दोन पत्र्या असतात, त्यांच्यामधे थोडी जागा. सुरुवातीला वाफ हळू असते तेव्हा बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर येतो तसा सूर असतो, वेग वाढला की दुसऱ्या पत्रीपाशी वाफेचे भोवरे सुटायला लागतात आणि मग नळीच्या लांबीप्रमाणे सूर ठरतो, बासरीच्या जवळचा प्रकार.

पण मला मुख्य सांगायचंय ते केटलड्रमबद्दल. तांब्याचा मोठा वाडगा, वर ताणलेला पडदा, टिंपनी म्हणतात तेच. नगाऱ्याच्याच घराण्यातलं. युरोपात क्रुसेडच्या काळात नक्कारा गेला आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचं नेकर्स झालं, कमरेला बांधायची जोडी असायची. मोठे केटलड्रम नंतर घोड्यावर दोन बाजूंना बांधून लष्करात आले आणि तिथून ऑर्केस्ट्रात.

साध्या ढोलाच्या पडद्यातून निघणारे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला ठाम स्वर नसतो. केटलड्रमला असतो! पडद्याला लागून असलेली हवा पडद्याबरोबर हलते, तिचं ओझं पडतं आणि त्यामुळे महत्त्वाचे सूर खाली सरकून जवळजवळ २:३:४:५ या प्रमाणात येतात, कानाला एक स्वर लागल्यासारखं वाटतं. वाजवणारा मधोमध कधीच मारत नाही, काठापासून थोडं आत मारतो, कारण मधे मारलं की नको असलेला सूर जागा होतो आणि स्वर बोदा येतो. तबल्याला हेच काम शाई करते, त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये लिहिलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलेत लोक, मला हे अद्भुत वाटतं.

मी_पुन्हा_येते
इथे जिमवाल्यांची कोणाला पर्वाच नाही. केटलबेल रशियाची, तिथलं नाव गिर्या. वजन पूडमध्ये मोजायचे, १ पूड म्हणजे १६.३८ किलो, म्हणून अजून स्पर्धेतली वजनं १६, २४, ३२ अशी असतात. आधी धान्य तोलायला वापरायचे मग लोकांनी उचलाउचलीच्या पैजा सुरू केल्या. डंबेलमध्ये वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना समान असतं, हिच्यात सगळं वजन मुठीपासून लांब लटकतं, म्हणून झोका देता येतो आणि कंबर-मांड्या कामाला लागतात. पाठ गोल करून झोका देऊ नका एवढं सांगते आणि जाते.

शब्दवेल्हाळ
किती छान प्रतिसाद! पण माझा मोर्चा अजून रस्त्यातच उभा आहे. कोणी सोडवेल का?

न्यायतराजू
सोडवतो, किंवा खरं तर अडकवतो. पोलिस चारी बाजूंनी साखळी करून जमावाला आत कोंडून ठेवतात, कोणाला बाहेर जाऊ देत नाहीत, तासन् तास, त्याला केटलिंग म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्गला ८ जून १९८६ रोजी ८०० हून जास्त लोकांना असं कोंडलं होतं, काहींना १३ तासांपर्यंत, ते नंतर कोर्टाने बेकायदा ठरवलं. तिकडे त्याला केसेल म्हणतात, म्हणजे केटलच. लंडनमध्ये १ मे २००१ ला ऑक्सफर्ड सर्कसपाशी सुमारे ७ तास, मग एप्रिल २००९ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी. २००१ चं प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये बहुमताने निकाल लागला की त्या परिस्थितीत ते युरोपियन मानवी हक्क कराराच्या कलम ५ खालचं स्वातंत्र्य हिरावणं ठरत नाही.

मला स्वतःला तो निकाल पटत नाही. त्यात नुसते वाटेने जाणारे लोकही अडकले होते, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही.

सडेतोड
आणि जमाव पांगवताना चेंगराचेंगरी झाली असती तर? लाठ्या चालवण्यापेक्षा थांबवून ठेवणं बरं नाही का. निकालात हाच विचार केलाय की मोठी हानी टाळायला दुसरा सौम्य मार्ग हाताशी नव्हता.

न्यायतराजू
थांबवणं आणि बाहेर पडायला एकही वाट न ठेवणं यात फरक आहे. आजारी माणसाला, लहान मुलाला, ज्याचा संबंधच नाही त्याला सोडायची सोय हवी, एवढंच म्हणणं आहे माझं. अवांतर होतंय, थांबतो.

मुळाक्षर
थांबू नका, तुम्ही ‘केसेल’ म्हणालात तिथेच किल्ली आहे.

लॅटिनमध्ये कॅटिलस म्हणजे लहान वाडगा. तो शब्द जर्मानिक भाषांनी फार पूर्वी उचलला, जुन्या इंग्रजीत चेतेल, जर्मनमध्ये केसेल, डचमध्ये केटेल. आणि या सगळ्यांचा अर्थ चोच असलेली किटली असा नव्हताच. तो होता उघड्या तोंडाचा, विस्तवावर टांगायचा मोठा हंडा. चोच, झाकण, मूठ हे सगळं फार नंतर आलं. इंग्रजीत अजूनही फिश केटल म्हणजे अख्खा मासा शिजवायचं लांबट भांडं, त्याला चोच नसते.

आता तुमचे अर्थ परत बघा. भूशास्त्रातला खड्डा, ड्रमचा वाडगा, रीबॉयलरचं पोट, पक्ष्यांचं उकळणं, सगळे हंड्याला बरोबर बसतात, किटलीला एकही बसत नाही. आपली फसगत अशी की मराठीत हा शब्द आला तोच चोच घेऊन, त्यामुळे आपल्याला हंडा दिसतच नाही.

मोर्च्याचंही तेच. जर्मन लष्करी भाषेत शत्रूने चारी बाजूंनी घेरलेली जागा म्हणजे केसेल. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी फौज अडकली त्यालाही ते केसेलच म्हणत, आणि रशियनही त्यांच्या हंड्याचाच शब्द वापरतात, कत्योल. हंड्याला सगळीकडून भिंत असते, एवढी एकच गोष्ट उचललीय. म्हणजे आकार, उकळणं आणि बंदिस्तपणा, एकाच भांड्याचे तीन गुण, ज्याने त्याने आपल्याला हवा तो घेतला.

खडूफळा
+१. वाचनखूण साठवली आहे.

रुळावरून
ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनांच्या शौकिनांत इंजिनालाच केटल म्हणतात, ते मुळाक्षर यांच्या कोष्टकात उकळण्यात टाका. आणि त्यावरून आठवलं, जेम्स वॉटने लहानपणी किटलीचं झाकण उडताना बघून वाफेचं इंजिन शोधलं ही गोष्ट शाळेत सांगतात ती सोडून द्या. न्यूकॉमेनचं वाफेचं इंजिन वॉटच्या जन्माआधीपासून चालत होतं. ग्लासगो विद्यापीठातलं त्याचं एक मॉडेल दुरुस्तीला आलं, वाफ फार वाया जाते हे वॉटच्या लक्षात आलं, १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये पेटंट. आधीच्या इंजिनात तोच सिलिंडर दर फेरीला तापवायचा आणि गार करायचा, वॉटने गार करायचं काम शेजारच्या भांड्यात नेलं. खरी गोष्ट किटलीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी हुशार आहे, मुलांना तीच सांगायला हवी.

गप्पिष्ट
युद्धपण झालंय किटलीवरून! ८ ऑक्टोबर १७८४, शेल्ट नदी. सम्राट दुसऱ्या जोसेफला अँटवर्पचा व्यापार मोकळा करून हवा होता, डचांनी नदी अडवलेली. त्याचं जहाज आलं, डचांनी एकच गोळा झाडला आणि तो म्हणे सूपच्या हंड्याला लागला. जहाज शरण. इतिहासात नाव केटल वॉर. मुळाक्षर म्हणतात तसं तिथेही हंडाच, किटली नाही.

आणि फ्रॉइडने सांगितलेला तो शेजारी आठवा. उसनी नेलेली केटल फुटकी परत दिली म्हणून तक्रार झाली तर म्हणाला, एक म्हणजे मी ती धड परत केली, दुसरं म्हणजे नेली तेव्हाच तिला भोक होतं, आणि तिसरं म्हणजे मी ती नेलीच नव्हती.

सडेतोड
हाहा, या शेजाऱ्याला मी ऑफिसात रोज भेटतो.

न्यायतराजू
आणि मी कोर्टात. पर्यायी बचाव म्हणतात आमच्याकडे :)

घारडोळा
मुळाक्षर यांचं पटलं, तीन गुण. पण एक अर्थ कुठेच बसत नाही. लंडनच्या कॉकनी बोलीत केटल म्हणजे मनगटावरचं घड्याळ. हे कसं?

मुळाक्षर
ते यमकाचं काम. केटल अँड हॉब, हॉब जुळतो फॉबशी, फॉब म्हणजे साखळीचं खिशातलं घड्याळ. मग यमकाचा भाग गाळायचा आणि उरलेला शब्द बोलायचा, अशीच ती बोली चालते. भांड्याशी नातं नाही, म्हणून सूत्रात बसवायची गरजही नाही.

शब्दवेल्हाळ
@मुळाक्षर, फार मोठी अडचण सोडवलीत. म्हणजे भाषांतर करताना भांडं विसरायचं आणि तिथे कुठला गुण उचललाय ते बघायचं. मोर्च्यासाठी मी ‘घेराव’ लिहिणार होते.

न्यायतराजू
घेराव नको! घेराव लोक घालतात, अधिकाऱ्याला. इथे उलटं आहे, वाचणाऱ्याला नेमकं विरुद्ध चित्र दिसेल. वेढा म्हटलं तर किल्ला आठवतो, नाकेबंदीत रस्ता बंद असतो पण माणूस मागे फिरू शकतो.

सडेतोड
‘कोंडी’. पोलिसांनी मोर्च्याची कोंडी केली.

न्यायतराजू
सहमत, पण कोंडीचा लाक्षणिक वापर इतका झालाय की नुसती राजकीय अडचण वाटेल. पहिल्यांदा येईल तिथे ‘साखळी करून कोंडून ठेवलं’ असं स्पष्ट लिहा, पुढे कोंडी चालेल.

शब्दवेल्हाळ
हे घेते. पक्ष्यांसाठी ‘घिरट्यांचा थवा’ कसं वाटतं?

घारडोळा
थवा म्हटलं की सरळ उडणारे पक्षी डोळ्यासमोर येतात, पण घिरट्या जोडल्यामुळे निभावेल. थर्मल हा शब्द जवळपास कुठेतरी येऊ द्या, त्याशिवाय ते वर का चढतायत ते कळत नाही.

शब्दवेल्हाळ
आणि @कातळफूल, हिमनदीच्या केटलला रांजणखळगा लिहिलं तर? तोही भांड्यावरूनच आहे.

कातळफूल
अजिबात नको, प्रक्रियाच वेगळी आहे. रांजणखळगे कठीण खडकात होतात, पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून खडक कोरतात. गंमत म्हणजे इंग्रजीत त्यांनाही जायंट्स केटल म्हणतात, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला हिमनदीखालच्या पाण्याने कोरलेले आहेत, सर्वांत खोल ९ मीटरच्या वर. तेव्हा तुमच्या मजकुरात जायंट्स केटल असेल तर रांजणखळगा बिनधास्त लिहा. नुसतं केटल असेल आणि भोवती वाळू-गोट्यांचा गाळ असेल तर ‘हिमगर्त’ किंवा सरळ ‘बर्फ वितळून झालेला खड्डा’. मूळ परिच्छेद इथे टाका, खडक आहे की गाळ ते बघून सांगते.